गांवानें लिहिलेलें गांवाचें दप्तर

(लेखक : एक सेवानिवृत्त महसुली कारकून)

परक्या माणसास शेतांतील माती सारखीच दिसते. परंतु ज्याच्या पिढ्या तींत राबल्या त्यास तिच्या प्रत्येक तुकड्याचा गुण ठाऊक असतो. कोठें पाणी मुरतें, कोठें तें साचून पीक पिवळें पडतें, कोणत्या बांधावरून जुनी वहिवाट होती, हें ज्ञान कोणत्याही छापील ग्रंथांत सांपडावयाचें नाहीं. तें माणसांच्या डोक्यांत असतें, आणि माणूस गेला म्हणजे त्याच्याबरोबर जातें. असलें ज्ञान टिकवावें कसें, व त्याची नोंद करावी कोणीं, ह्या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंतील एका लहानशा शेतकी गांवानें इ. स. २००४ पासून करून दाखविलें. त्याची हकीकत वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें थोडक्यांत देत आहें.

विषय संगणकाचा आहे म्हणून कोणीं पान उलटूं नये, अशी प्रार्थना आहे. मोबाईलवर बाजारभाव व पावसाचा अंदाज पाहणें आतां आपणांस नवलाचें राहिलेलें नाहीं. मात्र त्यावर आपण बहुधा वाचतों, लिहीत नाहीं. लिहिलेंच तर व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहितों, व त्या चार दिवसांत पुराच्या पाण्याप्रमाणें वाहून जातात. टिकेल असें, सर्वांस सांपडेल असें, आणि चुकलें तर सुधारतां येईल असें लिहिणें हें निराळें काम आहे. तेंच ह्या लेखाचा विषय होय.

एका चुकीची हकीकत

प्रथम माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतों. कारण तिच्यामुळेंच हा विषय माझ्या मनास लागला. नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत जीर्ण झालेल्या सात-बाराच्या पुस्तकांवरून नवीं पुस्तकें लिहून काढण्याचें काम मजकडे आलें होतें. एका गटाच्या ‘इतर अधिकार’ ह्या रकान्यांत विहिरींतील चार आणे हिश्श्याची नोंद होती. कागद घडीवर फाटलेला व शाई उडालेली. ती ओळ नव्या पुस्तकांत उतरावयाची राहून गेली. त्या वेळीं तें कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. विहिरीवरील दोघे चुलतभाऊ एकोप्यानें पाणी घेत होते, तेव्हां कागद पाहण्याचें कारणच काय?

सुमारें चौदा वर्षांनीं त्यांपैकीं एक जण वारला. त्याच्या मुलानें विहिरीवर मोटार बसविण्यासाठीं वीजजोडणी मागितली, तेव्हां उताऱ्यावर त्याचा हिस्साच नाहीं असें निघालें. भाऊबंदकी माजली व पाणी बंद झालें. त्या विहिरींत दोघांचाही हिस्सा आहे असें गांवांतील प्रत्येक म्हातारा मनुष्य सांगत होता. परंतु त्यांचें सांगणें कागदावर नव्हतें, आणि कागदावर जें होतें तें खोटें होतें. दुरुस्तीचा अर्ज, चौकशी व अपील ह्यांत सहा वर्षें गेलीं. अखेर जुनें पुस्तक दप्तरखान्यांत सांपडलें व नोंद पूर्ववत् झाली. मधल्या काळांत त्या मुलाची मोसंबीची बाग मात्र वाळून गेली होती. नव्या पुस्तकांतील अक्षर माझें होतें, हें मीं पाहतांच ओळखलें.

चूक माझी, ह्यांत संशय नाहीं. परंतु ती चौदा वर्षें झांकून राहिली ह्याचें कारण असें कीं, तें पुस्तक एकानेंच लिहावयाचें, एकानेंच संभाळावयाचें, आणि ज्यांस खरी गोष्ट ठाऊक त्यांनीं तें गरजेखेरीज उघडावयाचें नाहीं, अशी आपली रीत पडली आहे. जेथें ज्ञान होतें तेथें लेखणी नव्हती, आणि जेथें लेखणी होती तेथें ज्ञान नव्हतें. हें अंतर कमी करतां येईल काय, हा विचार तेव्हांपासून माझ्या मनांत घोळत आहे.

‘विकी’ म्हणजे काय

‘विकी’ हा शब्द हवाई बेटांतील भाषेचा असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे. होनोलुलु येथील विमानतळावर उतारूंची ने-आण करणाऱ्या बसगाडीस ‘विकी विकी’ असें नांव होतें. वॉर्ड कनिंगहॅम नांवाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञास तें आवडलें, व २५ मार्च १९९५ रोजीं सुरू केलेल्या आपल्या संकेतस्थळास त्यानें तेंच दिलें. संगणकाच्या प्रणाली लिहिणाऱ्या लोकांनीं आपापला अनुभव एके ठिकाणीं लिहून ठेवावा, एवढाच त्याचा मूळ हेतु होता. त्यांत नवें होतें तें असें कीं, पान वाचणाऱ्यास तेंच पान तेथल्या तेथें दुरुस्तही करतां येत असे. एखाद्या पानांत अद्याप कोणीं न लिहिलेल्या विषयाचें नांव आलें तर त्यापुढें प्रश्नचिन्ह दिसे. तें दाबलें कीं लिहिण्यासाठीं कोरी जागा उघडे. म्हणजे जें ठाऊक नाहीं तेंही डोळ्यांपुढें राही, व ज्यास ठाऊक असेल त्यास तें आपोआप बोलावी.

१५ जानेवारी २००१ रोजीं जिमी वेल्स व लॅरी सँगर ह्यांनीं ह्याच रीतीवर विकिपीडिया हा ज्ञानकोश आरंभिला. त्यापूर्वीं त्यांनीं न्युपीडिया नांवाचा एक कोश विद्वानांकडून तपासून घेऊन प्रसिद्ध करण्याचा यत्न केला होता. त्यांत प्रत्येक लेखास तपासणीच्या सात पायऱ्या असल्यामुळें लेख फारच थोडे निघाले. उलट विकिपीडियाचें काम झपाट्यानें वाढलें. आपल्या मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं झाला.

ह्या रीतीचें मर्म आमच्या वाचकांस फेरफाराच्या नोंदीवरून सहज समजेल. जमिनीच्या हक्कांत बदल झाला म्हणजे प्रथम वर्दी येते. मग गांव नमुना सहा, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत, क्रमांक घालून नोंद होते. हितसंबंधी मंडळींस नोटीस जाते. हरकतीची मुदत संपल्यावर नोंद प्रमाणित होते, आणि तेव्हां कोठें सात-बारा बदलतो. विकीमध्यें क्रम उलटा आहे. तेथें बदल आधीं होतो व हरकत मागाहून येते. परंतु फेरफाराचा जो गाभा, तो तेथेंही कायम आहे. कोणीं, कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं, काय खोडलें व काय घातलें, हें प्रत्येक पानाच्या मागें ‘इतिहास’ ह्या सदरांत क्रमानें राहतें. जुना मजकूर नष्ट होत नाहीं. बदल अयोग्य वाटला तर मागील मजकूर एका क्षणांत परत आणतां येतो. शिवाय साऱ्या संकेतस्थळावर आज काय बदललें ह्याची एकत्र यादी कोणासही पाहतां येते.

दप्तर विश्वासार्ह ठरतें तें त्यांत कोणासच हात लावतां येत नाहीं म्हणून नव्हे; तर हात लावणाराचा ठसा राहतो, व तो ठसा पाहणारे पुष्कळ असतात म्हणून. पस्तीस वर्षें दप्तर संभाळून मला जें पुरतें उमगलें नव्हतें, तें हें होय.

डेव्हिस गांवाची ओळख

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या सॅक्रॅमेंटो ह्या राजधानीपासून पश्चिमेस सुमारें पंधरा मैलांवर डेव्हिस नांवाचें गांव आहे. भोंवतालची जमीन सपाट व सुपीक असून टोमॅटो, बदाम, अक्रोड, भात अशीं पिकें त्या खोऱ्यांत होतात. जेरोम डेव्हिस नांवाच्या एका शेतकऱ्यावरून गांवास प्रथम डेव्हिसव्हिल असें नांव पडलें होतें. १९०५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठासाठीं एक शेत स्थापण्याचा कायदा झाला. पुढील वर्षीं त्यासाठीं ह्याच गांवची जागा ठरली. आणि १९०८ सालीं तेथें शेतकऱ्यांसाठीं अल्प मुदतीचे वर्ग निघाले. यंत्रानें तोडतां येईल असें टोमॅटोचें वाण व तें तोडणारें यंत्र हीं दोन्हीं येथेंच तयार झालीं. १९५९ सालीं ह्या शेतकी शाळेस सर्व विषय शिकविणाऱ्या विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१० च्या खानेसुमारींत गांवची लोकसंख्या ६५,६२२ भरली. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या मोठ्या गांवाएवढीच.

ह्या गांवास आपले असे कांहीं विशेष आहेत. सायकलींसाठीं रस्त्यावर निराळा पट्टा आंखून देण्याची पद्धत त्या देशांत ज्या गांवांनीं प्रथम घातली त्यांत डेव्हिस अग्रेसर असून, तें काम तेथें १९६७ सालीं झालें. १९६८ सालीं विद्यार्थ्यांनीं लंडनहून आणलेल्या दोन दुमजली बसगाड्यांवर तेथील बससेवा सुरू झाली. एक रस्ता उंच पुलावरून नेण्याचें ठरलें तेव्हां बेडकांची जाण्या-येण्याची वाट तुटेल म्हणून त्यांच्यासाठीं खालून एक लहानसें भुयार ठेविलें. बेडूक त्यांतून खरोखर जातात कीं नाहीं, ह्यावर गांवांत थट्टाही पुष्कळ झाली.

परंतु विद्यापीठाच्या गांवास एक अडचण असते. दरवर्षीं शरद् ऋतूंत नवे विद्यार्थी हजारोंनीं येतात. त्यांस खोली कोठें घ्यावी, सायकल कोठें दुरुस्त करावी, स्वस्त जेवण कोठें मिळतें, ह्यांतील कांहींच ठाऊक नसतें. चार वर्षांत तें सारें त्यांस कळतें, आणि कळलें न कळलें तोंच ते गांव सोडून जातात. आमच्या खेड्यांत म्हातारा मनुष्य वारल्यानें जें होतें, तें तेथें दर उन्हाळ्यांत होत असे.

आरंभ

२००४ सालीं माइक इव्हानोव्ह व फिलिप नॉयस्ट्रम ह्या तेथील दोन विद्यार्थ्यांनीं केवळ आपल्या गांवापुरती विकी काढण्याचें ठरविलें. तिचें नांव डेव्हिस विकी. विकिपीडियाचा पसारा सर्व जगाचा. त्यांत एखाद्या गल्लींतील खानावळीस वा ओढ्याकांठच्या झाडास स्थान मिळणें कठीण. डेव्हिस विकींत उलट होतें. गांवांत जें आहे व ज्याविषयीं गांवांतील कोणास कांहीं सांगावयाचें आहे, त्या प्रत्येक गोष्टीस तेथें पान मिळे.

त्या दोघांनीं एक शहाणपण केलें, तें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. गांवांत डांगोरा पिटण्यापूर्वीं त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं स्वतःच पुष्कळ पानें लिहून ठेविलीं. कोरी वही चौकांत मांडून ‘लिहा’ म्हटल्यानें कोणी लिहीत नाहीं. दोन ओळी चुकीच्या लिहिलेल्या दिसल्या कीं तिसरा मनुष्य त्या सुधारण्यास आपण होऊन हात पुढें करतो. विरजण घातल्यावांचून दहीं लागत नाहीं, तसाच हा प्रकार.

दुसरें असें कीं, हें पहिलें लिखाण जड विषयांवर नव्हतें. गांवांतील गमती, खाण्याचीं ठिकाणें, भाड्यानें मिळणारीं घरें, बेडकांचें भुयार, असल्या हलक्या-फुलक्या व नित्याच्या गोष्टींवर तें होतें. इतिहास, नगरपालिकेचा कारभार, निवडणुका हे विषय मागाहून आले. वाचणारा प्रथम गरजेनें वा करमणुकीसाठीं आला. एखादी चूक दिसली म्हणून त्यानें ती सुधारली. आणि अशा रीतीनें न कळत तो लेखक बनला.

हें सर्व चालविण्यास लागणारी संगणकप्रणाली मुख्यत्वें नॉयस्ट्रम ह्यानेंच रचिली. तिला सायकमोर ह्या वृक्षाचें नांव दिलें, व ती इतरांसही फुकट वापरण्यास मोकळी ठेविली. पानांवरील मजकूरही, मूळ लेखकांचा उल्लेख करून, कोणासही घेतां येईल अशा अटीवर प्रसिद्ध होत असे.

वाढ व तंटे

हळूहळू पानें हजारोंनीं झालीं. त्यांत विद्यार्थ्यांबरोबर दुकानदार, शिक्षक, पालिकेचे सभासद व जुने रहिवासीही लिहूं लागले. पुढें २०१० च्या सुमारास संस्थापकांनीं जो हिशेब दिला, त्याप्रमाणें दर सात रहिवाशांमागें एकानें ह्या दप्तरांत कांहीं ना कांहीं भर घातली होती. आमच्या गांवच्या ग्रामसभेस सातांत एक मनुष्य आला तरी आम्ही धन्य मानूं!

जेथें लोक जमतात तेथें तंटे आलेच. ते कसे मिटविले हें पाहण्यासारखें आहे, कारण खरी परीक्षा त्यांतच होती. भाड्याच्या घरांच्या पानांवर राहून गेलेले लोक आपला अनुभव लिहीत. कोणास गळकें छप्पर मिळालें, कोणाची अनामत परत मिळाली नाहीं, हें सर्व गांवानें वाचलें. खानावळींची व दुकानांची गोष्ट तीच. साहजिकच एखादा मालक संतापून आपल्याविरुद्धचा मजकूर पुसून टाकी. पुसलेलें परत येई, तो पुन्हां पुशी, आणि त्याच्या ह्या खटपटीचीही नोंद इतिहासांत राही!

अशा वेळीं त्या मनुष्यास हाकलून देण्यापेक्षां त्यास समजावून सांगावें, असें चालकांनीं व जुन्या लेखकांनीं ठरविलें. धंदेवाल्या लोकांच्या स्वागतासाठीं त्यांनीं एक निराळें पानच लिहिलें. तुमच्याविषयीं कोणीं वाईट लिहिलें तर तें खोडूं नका. त्याखालीं आपली बाजू आपल्या नांवानें मांडा, चूक असेल तर कबूल करा, दुरुस्ती केली असेल तर तसें सांगा. म्हणजे वाचणारा तुमच्याकडे आदरानें पाहील, असा त्याचा मथितार्थ होता. तक्रार पुसणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो आणि तक्रारीस नीट उत्तर देणारा तें जोडतो, ही गोष्ट आपल्याकडील आडत्यांस व बियाणें विकणाऱ्यांसही लागू आहे.

दुसरा नियम खऱ्या नांवाचा. टोपण नांवाआडून लिहिण्यापेक्षां आपल्या खऱ्या नांवानें लिहावें, असा आग्रह तेथें धरीत व त्याचें महत्त्व सांगणारें पानही ठेवीत. लहान गांवांत आज ज्याच्याविरुद्ध लिहिलें तोच उद्यां बाजारांत भेटतो. नांव घालून लिहिणाऱ्याची लेखणी आपोआप तोलून चालते, व वाचणाराही त्याच्या शब्दास किंमत देतो. खाडाखोड करणारे टवाळ आलेच तर ताज्या बदलांची यादी पाहणारे स्वयंसेवक तें लागलींच दुरुस्त करीत. शुद्धलेखन सुधारणें, तुटलेले दुवे जोडणें, दोन पानांवरील एकच मजकूर एकत्र करणें, अशीं बारीक कामें कांहीं जण रोज गाजावाजा न करतां करीत असत. कोणत्याही दप्तराचा जीव अशाच लोकांच्या हातीं असतो.

दोषही सांगितले पाहिजेत. ज्यांस रिकामपण व लिहिण्याची संवय, त्यांचेंच म्हणणें अशा दप्तरांत अधिक उमटतें. मजुरीस जाणारा व वृद्ध मनुष्य मागें राहतो. एकाच्या वाईट अनुभवावरून साऱ्या दुकानाची परीक्षा होण्याचा धोकाही राहतो. आणि असें दप्तर कायद्याचा पुरावा नव्हे. त्यावर लिहिल्यानें कोणाचा हक्क सिद्ध होत नाहीं वा बुडत नाहीं.

इतर गांवीं प्रसार

डेव्हिसचें काम पाहून इतर गांवांसही तशी इच्छा झाली. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथें त्याच प्रणालीवर विकी निघाली. मिशिगन राज्यांतील ॲन आर्बर येथेंही गांवची विकी चालू झाली. अशा गांवांस जागा देण्यासाठीं डेव्हिसच्या मंडळींनीं विकी स्पॉट नांवाची बिनफायद्याची संस्था काढली. २०१० सालीं नाइट फाउंडेशन ह्या धर्मादाय संस्थेनें त्यांस ३,५०,००० डॉलरची मदत दिली. त्यांतून लोकलविकी नांवाची नवी, वापरण्यास सोपी व नकाशे जोडतां येणारी प्रणाली तयार झाली, आणि डेव्हिसचें दप्तरही पुढें तींत हलविण्यांत आलें.

मात्र सर्व ठिकाणीं सारखें यश आलें नाहीं. पुष्कळ गांवीं दहावीस पानें लिहिलीं जाऊन पुढें शेत पडीक पडावें तसें झालें. प्रणाली सर्वांस तीच होती. तेव्हां दोष अवजाराचा म्हणतां येत नाहीं. जेथें दहापांच माणसांनीं रोज थोडें थोडें लिहिलें व नव्या माणसास हात धरून शिकविलें, तेथें पीक आलें. जेथें केवळ नांगर विकत आणून बांधावर ठेविला, तेथें तण माजलें.

आपण काय करावें

आपल्याकडे ह्यासारखें कांहींच नाहीं असें नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हां नमुना बारावरील पिकाची नोंद शेतकऱ्यानें शेतांत उभें राहून स्वतःच्या मोबाईलवर करावी अशी सोय झाली. पूर्वीं चावडींत बसून झालेली नोंद व उभें पीक ह्यांत कधीं कधीं किती अंतर पडे, हें मी नव्यानें सांगावयास नको. ज्याचें शेत त्याच्या हातीं लेखणी येणें, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ती नोंद पिकापुरती आहे. गांवाचें बाकीचें ज्ञान अजून तोंडींच आहे. मराठी विकिपीडियावर आपल्या अनेक गांवांचीं पानें आहेत. पण तालुका व जिल्हा ह्यांहून अधिक त्यांवर बहुधा कांहीं नसतें. तेथें लिहावयाचें तर छापील आधार द्यावा लागतो, व आपल्या विहिरीस छापील आधार कोठून आणावा? म्हणून गांवापुरतें निराळें दप्तर पाहिजे.

ज्यांस हें काम करून पाहावयाचें असेल त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आरंभीं पांच माणसें पुरेत. पण त्यांनीं पहिलीं पंचवीस पानें लिहून झाल्यावरच गांवास सांगावें. विषय जवळचे घ्यावे : शेतांचीं जुनीं नांवें, विहिरी व त्यांस पाणी किती महिने टिकतें, ओढ्याची पूररेषा, घरचीं राखलेलीं वाणें, जुनीं आंब्याचीं झाडें, बाजाराचे दिवस. प्रत्येकानें स्वतःच्या नांवानें लिहावें. बदलांचा इतिहास ज्यांत राहतो अशीच प्रणाली घ्यावी. एकानें पुसलें कीं सारें जातें अशी घेऊं नये. कोणाच्या घरगुती गोष्टी, कर्ज, आजार, दूरध्वनीचे क्रमांक ह्यांस त्यांत मुळींच थारा देऊं नये. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांच्यापाशीं शाळेंतील मुलांनीं बसून लिहून घ्यावें. त्यांत म्हाताऱ्या स्त्रियांस विसरूं नये, कारण बियाणें राखण्याचें काम बहुधा त्यांनींच केलेलें असतें. आणि हें दप्तर सात-बाराच्या जागीं नसून त्याच्या शेजारीं आहे, हें सर्वांस आरंभींच सांगून ठेवावें.

हें मी केवळ वाचून लिहीत नाहीं. गेल्या वर्षीं माझ्या पुतण्यानें आमच्या आळीपुरतें एक सामाईक पान मोबाईलवर उघडून दिलें. त्यावर मीं, पस्तीस वर्षांच्या कारकुनीच्या ऐटींत, आमच्या आळींतील विहिरीविषयीं ‘१९७२ च्या दुष्काळांत खोदली’ असें लिहून टाकलें. त्याच दिवशीं सायंकाळीं पलीकडच्या घरांतील वहिनींनीं आपल्या नातीकडून खालीं दुरुस्ती घातली : ‘विहीर सासऱ्यांच्या वडिलांनीं खोदलेली; दुष्काळांत फक्त दोन परस खोल केली; दगड वाहण्यास मी स्वतः होतें.’ खालीं त्यांचें नांव होतें. माझी मूळ ओळ इतिहासांत आजही दिसते. ती पुसावी असें मला वाटत नाहीं.

एका विहिरीची चूक सुधारण्यास पूर्वीं सहा वर्षें व एक मोसंबीची बाग लागली होती. ही चूक एका सायंकाळीं सुधारली. दोन्हीं चुका माझ्याच. फरक इतकाच कीं, दुसऱ्या वेळीं जीस ठाऊक होतें तिच्या हातीं लेखणी होती. वाचकहो, आपल्या गांवांत असें ठाऊक असलेलें माणूस आज कोण आहे, ह्याचा विचार करावा, आणि येत्या सुगीनंतर थोडी उसंत मिळेल तेव्हां त्याच्या ओट्यावर जाऊन बसावें, एवढीच विनंति आहे.